कोणाच्या मागे जावे?

समाजमाध्यमांवर कोणाला फॉलो करायचे, हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न समजला जातो. अनुवादकाच्या बाबतीत तो तेवढाच राहत नाही. कोलकात्यात राहून मराठीत अनुवाद करताना, नव्या बंगाली लेखनापैकी बरेचसे मला आधी फेसबुकवरच भेटते. जे नजरेखालून जाते त्यातलेच थोडे पुढे मराठीत येते. म्हणजे फॉलो केलेल्यांची यादी हे एक प्रकारचे संपादन आहे, आणि संपादनाची चिकित्सा व्हायला हवी.

मराठी वाचकाला दीर्घकाळ बंगाली साहित्य म्हणजे रवींद्रनाथ आणि शरदबाबू. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र इतक्या निष्ठेने मराठीत आणले की ते आपल्याच घरचे लेखक वाटू लागले. हे ऋण मोठे आहे. पण एकाच मोठ्या नावाचा माग काढत गेले की त्याच्या आजूबाजूचे दिसेनासे होते. साठच्या दशकात अशोक शहाणे दुसऱ्या वाटेने बंगालीकडे वळले. त्यांचा संपर्क होता तो हंग्री जनरेशनच्या, तेव्हा नाव नसलेल्या कवींशी.

1961 पासून मलय रायचौधुरी आणि त्यांच्या मित्रांची पत्रके निघू लागली. बहुधा एकाच कागदाची ही पत्रके कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसमध्ये हातोहात फिरत. 1964 मध्ये अटका झाल्या, 1965 मध्ये मलय यांना एका कवितेसाठी अश्लीलतेच्या आरोपाखाली दंड झाला, आणि 1967 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. आजची पोस्ट त्या पत्रकाची वारसदार वाटते. स्वतः मलयही उतारवयात इंटरनेटवर भरभरून लिहीत राहिले. फरक आहे तो देणाऱ्या हाताचा. पत्रक देणाऱ्याला ‘हे मलाच का दिलेस?’ असे विचारता येई. फीडला तसे विचारता येत नाही. ट्विटरने 2016 मध्ये निव्वळ कालक्रम सोडला आणि ज्याला प्रतिसाद मिळण्याचा संभव अधिक ते वर आणायला सुरुवात केली. अशा व्यवस्थेत फॉलो करूनही माणूस दिसेल याची खात्री नसते. कमी बोलणारा कवी आधी गळतो.

याच्या दुसऱ्या टोकाला संदीप दत्त. राष्ट्रीय ग्रंथालयात अनियतकालिकांचे गठ्ठे टाकून दिलेले पाहून अस्वस्थ झालेल्या या माणसाने 1978 मध्ये टेमर लेनमधल्या राहत्या घरात त्यांचे ग्रंथालय उघडले आणि 2023 मध्ये निधन होईपर्यंत ते चालवले. कोणता अंक मोठा ठरेल याचा अंदाज बांधत न बसता ते जमवत गेले. वाचकाला सगळे जमवणे शक्य नाही, त्याला निवडावे लागते. पण निवडताना दत्तांसारखी माणसे शोधता येतात.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. एखाद्याच्या शेवटच्या वीस पोस्टी पाहाव्यात आणि त्यांत दुसऱ्याच्या लेखनाविषयी किती आहेत ते मोजावे. केवळ स्वतःच्या प्रकाशनांची आणि पुरस्कारांची वार्ता देणारा लेखक कितीही थोर असो, त्याची पुस्तके वाचावीत, त्याच्या मागे जाऊ नये. मागे जावे ते जिल्ह्यातल्या छोट्या अंकाच्या संपादकाच्या, जुनी पुस्तके विकणाऱ्याच्या, एखाद्या कवितेवर तीन परिच्छेद भांडणाऱ्या वाचकाच्या.

यावर आक्षेप येईल की असे वाचकही कंपू करतात, एकमेकांचीच भलामण करतात. आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे परस्परांशी न पटणारे दोघे-तिघे यादीत ठेवणे आणि फीडवर न विसंबता अधूनमधून त्यांच्या पानावर स्वतः जाणे. याला वेळ लागतो. पण ज्या कवीची शिफारस कोणतेच यंत्र करणार नाही, तो मराठीत यायचा असेल तर एवढी पायपीट अनुवादकाला करावीच लागेल.