स्नायूच्या आकृतीतला तिसरा तंतू

स्नायूचे आकुंचन शिकवताना आपण बहुतेक शिक्षक हातांची एक खूण करतो. दोन्ही हातांची बोटे समोरासमोर धरायची आणि एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांमधल्या फटींत सरकवायची. बोटांची लांबी तेवढीच राहिली, पण मनगटांमधले अंतर कमी झाले. स्नायूत असेच होते, असे सांगितले की मुलांना ते चटकन पटते. एकदा ही खूण करून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हात उलट ओढले तर बोटं सुटतील ना? मग स्नायू ओढल्यावर का नाही सुटत?" मी काहीतरी उत्तर दिले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. घरी येऊन पाठ्यपुस्तक पुन्हा वाचले. त्यात या प्रश्नाचे उत्तर नाही. जे आहे ते उत्तरापासून दूर नेणारे आहे.

मी बोलतो आहे ते एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकाविषयी. 'नीट' परीक्षेमुळे राज्य मंडळाची मुलेही ते आता ओळ न् ओळ पाठ करतात, म्हणून त्यातल्या शब्दांकडे जरा बारकाईने पाहायला हवे. स्नायूंचा भाग सुरू होतो तेव्हा स्नायूचे चार गुणधर्म सांगितले आहेत: उद्दीपित होणे, आकुंचन पावणे, ताणले जाणे आणि ताण काढल्यावर पूर्ववत होणे. पुढची पाने पहिल्या दोन गुणधर्मांसाठी खर्ची पडतात. चेतातंतूकडून संदेश येतो, कॅल्शियम सुटते, ट्रोपोनिन बाजूला होते, मायोसिनचे डोके ॲक्टिनला पकडते. हे सगळे नीट आले आहे. उरलेल्या दोन गुणधर्मांबद्दल मात्र एक अवाक्षर नाही. 'लवचिक' हा शब्द येतो तो एकदाच, आणि तोही झेड रेषेच्या वर्णनात: ही रेषा म्हणजे एक लवचिक तंतू आहे असे सांगितले आहे. मधल्या एम रेषेला तर तंतुमय पडदा म्हटले आहे.

झेड रेषा लवचिक तंतू नाही. ती अल्फा-ॲक्टिनिन वगैरे प्रथिनांची घट्ट विणलेली चकती आहे. शेजारशेजारच्या दोन सार्कोमिअरचे ॲक्टिन तंतू तिच्यात रोवलेले असतात. भिंतीत खुंट्या ठोकाव्यात तसे. भिंत लवचिक असेल तर खुंटीला दोर बांधून ओढण्यात काय अर्थ? एम रेषेतही पडदा नाही. मायोमेसिनसारखी प्रथिने जाड तंतूंना एकमेकांशी आडवी बांधतात, एवढेच. म्हणजे विद्यार्थ्याने 'स्नायू पूर्ववत का होतो' याचे उत्तर शोधलेच, तर पुस्तक त्याला ज्या जागी बोट दाखवते ती जागा चुकीची आहे.

इथे सरकत्या तंतूंच्या सिद्धांतावर अन्याय होऊ नये. २२ मे १९५४च्या 'नेचर'मध्ये दोन लेख शेजारीशेजारी आले. एक ॲंड्र्यू हक्सले आणि रोल्फ निडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन यांचा. (दोन्ही हक्सले एकमेकांचे नातेवाईक नव्हेत, हा प्रश्न वर्गात हमखास येतो.) स्नायू आखडताना तंतू आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात, हे दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले. पुढे १९६६ साली गॉर्डन, हक्सले आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या स्नायुतंतूवर मोजमापे केली. सार्कोमिअरची लांबी २ ते २.२ मायक्रोमीटर असताना जोर सर्वाधिक मिळतो आणि ३.६५च्या आसपास तो शून्य होतो, कारण तिथे दोन तंतूंचा एकमेकांवरचा आच्छाद संपतो. जीवशास्त्रात इतका स्वच्छ आलेख क्वचितच मिळतो.

पण हाच आलेख मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न अधिक धारदार करतो. आच्छाद संपला म्हणजे बोटे सुटली. तरीही इतका ताणलेला तंतू सोडल्यावर परत येतो, आणि पुन्हा कामही करतो. त्याला कोण परत आणते?

हॅन्सन आणि हक्सले यांना हा प्रश्न पडला होता. मायोसिन विरघळवून काढले तरी सार्कोमिअरचे उरलेले भाग विखरून पडत नाहीत, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. म्हणून सुरुवातीच्या लेखनात त्यांनी अतिशय बारीक अशा लवचिक 'एस' तंतूंची कल्पना मांडली. ते तंतू कोणाला धड दिसेनात, तेव्हा आकृतीतून गळाले. सिद्धांत मांडणारे जितके सावध होते तितके तो शिकवणारे राहिले नाहीत.

ते तंतू इतकी वर्षे का सापडले नाहीत, याचे कारण मला सगळ्यात बोधप्रद वाटते. स्नायूतील प्रथिनांचा इतिहास हा विरघळवण्याचा इतिहास आहे. विल्हेल्म क्यूने यांनी १८६४ साली बेडकाच्या स्नायूतून मिठाच्या पाण्याने जे काढले त्याला मायोसिन म्हटले. १९४२ साली हंगेरीत सेगेड येथे सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत स्ट्राउब यांनी ॲक्टिन वेगळे केले. दर वेळी द्रावणात उतरले त्याचा अभ्यास झाला आणि तळाशी उरलेला चोथा मोरीत गेला.

जपानमध्ये मात्र रेइजी नातोरी यांनी १९५४ सालीच स्नायुतंतूवरचे आवरण सुईने सोलून काढले. आवरण गेले तरी तंतू रबरासारखा ताणला जाई आणि परत येई. म्हणजे लवचिकपणा आतलाच होता. कोसाक मारुयामा यांनी मग तो चोथाच हाती घेतला. विरघळण्यासारखे सगळे काढून टाकल्यावर जे उरते तेच लवचिक आहे, हे त्यांनी नातोरी आणि सहकाऱ्यांसह १९७६ साली जाहीर केले. त्या प्रथिनाला त्यांनी कनेक्टिन नाव दिले. १९७९ साली अमेरिकेत कुआन वांग आणि सहकाऱ्यांनी त्याच प्रथिनाला दुसऱ्या बाजूने गाठले. प्रथिने वेगळी करताना ती एका चिकट जेलमधून विजेच्या दाबाने खाली ओढतात. लहान रेणू पुढे जातात, मोठे मागे राहतात. नेहमीच्या जेलची छिद्रे या प्रथिनासाठी इतकी लहान की ते वरच्या तोंडाशीच अडकून बसे. विरळ जेल वापरल्यावर ते आत शिरले. ग्रीक पुराणातल्या महाकाय टायटनांवरून त्याचे नाव पडले टायटिन.

त्याचा आकार सांगितला की मुले डोळे विस्फारतात. हिमोग्लोबिनच्या रेणूचे वस्तुमान सुमारे ६४,५०० डाल्टन. टायटिनचे ३० ते ३७ लाख. १९९५ साली लाबाइट आणि कोल्मेरर यांनी माणसाच्या हृदयातील टायटिनचा पूर्ण क्रम प्रसिद्ध केला, त्यात अमिनो आम्ले २६,९२६. एकच रेणू झेड रेषेत रोवलेला असतो आणि थेट एम रेषेपर्यंत पोचतो. ही लांबी एक मायक्रोमीटरहून अधिक भरते. जाड तंतूच्या भागात तो त्याला चिकटून असतो. जाड तंतूचे टोक ते झेड रेषा या दरम्यान मात्र तो मोकळा असतो, आणि तेवढाच भाग स्प्रिंगचे काम करतो. स्नायूत मायोसिन आणि ॲक्टिनखालोखाल प्रमाण याचेच आहे. ज्या आकृतीत तिसऱ्या क्रमांकाचे प्रथिन नाही, ती अपुरी आहे असे म्हणायला हरकत नसावी.

टायटिन नुसते असते एवढेच नव्हे, त्याच्यावाचून अडते, हे दाखवणारा प्रयोग १९८६चा. रॉबर्ट होरोविट्स, पोडोल्स्की आणि सहकाऱ्यांनी साधा तर्क लढवला: अंधारात दगड मारले तर मोठ्या मडक्याला ते आधी लागणार. स्नायुतंतूंवर किरणांचा सौम्य मारा केला तर ॲक्टिन-मायोसिन बरेचसे वाचतील, टायटिन आणि तसेच दुसरे मोठे प्रथिन नेब्युलिन आधी तुटतील. झालेही तसेच. तंतू ताणल्यावर जाणवणारा विरोध कमी झाला. शिवाय जाड तंतू सार्कोमिअरच्या मधोमध राहीनात, इकडेतिकडे सरकले. आकुंचनाचा जोरही घटला.

हा दुसरा परिणाम आपल्या आकृतीतली आणखी एक भेग दाखवतो. जाड तंतूला दोन्ही बाजूंनी रस्सीखेच चालू असते. एका बाजूचा जोर किंचित वाढला तर तंतू तिकडे सरकेल, तिकडचा आच्छाद वाढेल, म्हणजे जोर आणखी वाढेल. असा खेळ क्षणभरही टिकायचा नाही. पुस्तकातल्या आकृतीत जाड तंतू मधोमध अधांतरी तरंगत असतो, आणि तो तिथे का थांबतो हे आपण कधी विचारत नाही.

यावर एक आक्षेप येईल: अकरावीच्या मुलांना किती सांगायचे? आक्षेप रास्त आहे, पण तो याच पुस्तकावर उलटतो. त्यात मेरोमायोसिन हा शब्द मुलांकडून पाठ करून घेतला जातो, जाड तंतू ज्या एककांचा बनतो त्यांचे नाव म्हणून. खरे एकक म्हणजे मायोसिनचा रेणू. मेरोमायोसिन म्हणजे प्रयोगशाळेत ट्रिप्सिनने मायोसिन कापल्यावर मिळणारे तुकडे. १९५०च्या दशकात हे काम झाले, आणि 'मेरो' म्हणजेच तुकडा. शरीरात हे तुकडे सुटे नसतात. कापाकापीतून निघालेल्या तुकड्यांना जागा आहे, आणि चोथ्यात राहिलेल्या अखंड रेणूला नाही. पुस्तकातली आकृती अशी प्रयोगशाळेच्या सोयीची झाली आहे.

यातून नुकसान काय? एक उदाहरण हृदयाचे. कप्पे फुगून हृदयाचा स्नायू दुबळा होण्याचा एक विकार काही घराण्यांत चालत येतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे २५ टक्क्यांत टायटिनचे जनुक अर्धवट तुटणारे बदल आढळले. (काही निरोगी माणसांतही असे बदल असतात, तेव्हा बदल म्हणजे आजार असे सरळ समीकरण नाही.) दुसरे उदाहरण पुस्तकातलेच. प्रकरणाच्या शेवटी विकारांच्या यादीत स्नायूंचा ऱ्हास हा आनुवंशिक विकार एका ओळीत उरकला आहे. त्याच्या सर्वांत परिचित प्रकारात, डुशेनच्या विकारात, कोणते प्रथिन बिघडते हे १९८७ साली हॉफमन, ब्राउन आणि कुंकेल यांनी दाखवले. ते डिस्ट्रोफिन. ते आतल्या ॲक्टिनच्या जाळ्याला पेशीच्या आवरणाशी बांधते आणि स्नायूतील एकूण प्रथिनांच्या जेमतेम ०.००२ टक्के असते. वर्गात एखाद्याचा भाऊ या विकाराने चालेनासा झालेला असेल, तर त्याला पुस्तकातून काय समजते? जोर देणारी ॲक्टिन-मायोसिनची जोडी धड आहे, तरी स्नायू का झडतो, याला त्या आकृतीत जागाच नाही.

टायटिनविषयीचे सगळे दावे डोळे मिटून घ्यावेत असेही नाही. पूर्ण स्नायू ताणताना होणाऱ्या विरोधात बाहेरच्या कोलॅजनचाही मोठा वाटा असतो. आकुंचनाच्या वेळी टायटिन स्वतः ताठर होऊन जोरात भर घालते का, यावर मतभेद आहेत; मला तो पुरावा अजून अपुरा वाटतो. जाड तंतूची लांबी ठरवण्यात मात्र त्याचा हात आहे, हे २०१७ साली उंदरांवरील प्रयोगांनी चांगले दाखवले आहे.

हातांच्या खुणेऐवजी मी आता एक साधे मॉडेल वापरतो. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांवर खराट्याच्या काड्या समोरासमोर चिकटवायच्या आणि मध्ये एक पेन्सिल ठेवायची. पेन्सिलीच्या प्रत्येक टोकापासून त्या बाजूच्या पट्टीपर्यंत रबर बांधायचे. पट्ट्या काड्या सुटेपर्यंत ओढून सोडल्या तर सगळे जागेवर येते. एक रबर कापले की पेन्सिल दुसऱ्या बाजूला जाऊन आदळते, आणि होरोविट्स यांचा प्रयोग मुलांना न सांगता कळतो. मॉडेलमध्ये एक खोट आहे ती सांगून टाकतो: रबराचा विरोध ओढू तसा सारखा वाढत जातो, टायटिन आधी सहज उलगडते आणि पुढे झपाट्याने ताठर होते.