सगळे मेले डासच!

मराठी भाषेच्या श्रीमंतीबद्दल मला शंका नाही. निदान घरातल्या किड्यांच्या बाबतीत तरी नाही. धरमपेठेतल्या आमच्या घरी तांदूळ निवडायला घेतले की आमची ही चष्म्याशिवाय सांगते, "सोंडे झाले हो!" आणि त्या किड्याला पुढे खरोखरच सोंड असते. म्हणजे नाव ठेवणाऱ्याने त्याला निरखून पाहिलं होतं. पुस्तकांतून सुळकन पळणारी, तीन शेपट्यांची चंदेरी ती कसर. दाराची चौकट आतून पोखरते ती वाळवी. उवेच्या तर अंड्यालासुद्धा 'लीख' हे स्वतंत्र नाव! आपल्या आज्या-पणज्यांच्या नजरेला आणि फणीला माझा नमस्कार.

मग याच भाषेने डासाच्या बाबतीत एवढा आळस का करावा? सगळे मेले डासच! आम्ही नागपूरकर फार तर 'मच्छर' म्हणतो. शब्द दोन झाले, ओळख एकाचीही नाही. 1897 साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले, तेव्हा त्यालाही त्या डासाचं नाव ठाऊक नव्हतं. 'ठिपकेदार पंखांचा' एवढ्यावरच त्याने भागवलं. पण त्याने निदान पंख तरी पाहिले! आपण आधी टाळी वाजवतो आणि मग तळहात पाहतो.

हा आळस आम्हांला महागात पडला. मागच्या पावसाळ्यात नातवाला डेंग्यू झाला. घरी तपासणीला आलेल्या मुलाला मी ऐटीत सांगितलं, "आमच्याकडे रात्री मच्छरदाणी असते."

"काका, हा मच्छर दिवसा चावते. कूलर कुठी आहे?"

कूलर खिडकीतच होता. उन्हाळा संपला तरी तळाशी चार बोटं पाणी, आणि त्यात अळ्यांची शाळा भरलेली. मग त्याने माझीच शाळा घेतली. पायांवर पांढरे पट्टे तो एडिस, डेंग्यूचा. बसताना बूड वर करतो तो अ‍ॅनाफिलीस, हिवतापाचा. नालीच्या घाण पाण्यात वाढतो आणि भिंतीला समांतर बसतो तो क्युलेक्स, हत्तीपायाचा. तीन डास, तीन दुखणी, तीन पत्ते! शिवाय एडिसची अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरडीच महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, टाकी घासावी लागते.

दवाखान्याच्या बाकावर बसून प्लेटलेटचे उतरते आकडे ऐकताना मला सारखं वाटत होतं, की लिखेइतकं लक्ष आपण याच्याकडे दिलं असतं तर!

नातू बरा झाल्यावर ही उणीव मी स्वतःच भरून काढली. एडिसचं नाव ठेवलं 'पट्टेवाला'. पायांवर पट्टे आहेत, आणि कामावरही दिवसाच येतो. परवा भर दुपारी पाहुण्यांसमोर ही ओरडली, "अहो, पट्टेवाला आला!" पाहुणे दाराकडे पाहू लागले. मी मात्र उठलो आणि घासणी घेऊन थेट कूलरकडे गेलो.