सहा मुलांमागे एक शिक्षक, मग अडचण कुठे आहे?

आज आधी एक छोटी आकडेमोड करू या. २०२३ मध्ये आपल्या राज्यात समूह शाळांचा प्रस्ताव आला, तेव्हा वीसपर्यंत पट असलेल्या शाळांचे आकडे पुढे आले होते. शाळा १४,७८३, विद्यार्थी १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. भागाकार करून बघा. एका शाळेत सरासरी साडेबारा मुलं, दोन शिक्षक आणि साधारण सहा मुलांमागे एक शिक्षक. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक मागतो. म्हणजे इथे तर चैनच आहे, हो ना?

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मीही असंच लिहिलं होतं. आता ते चुकीचं वाटतं. का, ते सांगते.

लहान शाळेत मुलं कमी असतात, इयत्ता कमी नसतात. पहिली ते चौथी म्हणजे चार वर्ग. दोन शिक्षक असले तर प्रत्येकाकडे दोन वर्ग. चाळीस मिनिटांची तासिका धरली, तर एका वर्गाच्या वाट्याला वीस मिनिटं. एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा रजेवर गेला की उरतात दहा. कायद्यात स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद आहे ती पट दीडशेच्या वर गेल्यावर. त्यामुळे पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, केंद्रप्रमुखांच्या बैठका हे सगळं या दोघांतल्याच एकाला करावं लागतं. गुणोत्तरात यातलं काहीच दिसत नाही. शिवाय 'सरासरी दोन' म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोन नव्हे. एकशिक्षकी शाळा आहेतच, त्या सरासरीच्या पोटात दडून जातात.

आता इमारतीकडे या. आम्ही संशोधक शिक्षकांचा तक्ता एका प्रकरणात आणि खोल्यांचा दुसऱ्या प्रकरणात देतो. माझा मुख्य आक्षेप यावरच आहे. समजा, शाळेत दोन शिक्षक आणि दोन खोल्या आहेत. जुलैत एका खोलीचं छत गळायला लागतं. किंवा एक खोली धोकादायक ठरते, पण निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होऊन नवी खोली मिळेपर्यंत वर्षं जातात. चारही वर्ग एका खोलीत येतात. पहिलीची मुलं मोठ्याने अक्षरं म्हणतायत, शेजारी चौथीचा भागाकार चाललाय. दुसरा शिक्षक कागदावर आहे, हजरही आहे, पण त्याला शिकवायला जागा नाही.

धोरण लिहिणाऱ्यांना हे आधी कळलं होतं. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून आलेल्या खडू-फळा मोहिमेत दोन शिक्षक आणि कोणत्याही ऋतूत वापरता येतील अशा दोन खोल्या एकत्रच मागितल्या होत्या. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही 'प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली' असा निकष आहे. ही जोडी तोडली ती आमच्यासारख्या तक्ते करणाऱ्यांनी.

समूह शाळेच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. इयत्तेत दोनच मुलं असतील तर गटात शिकणं, खेळणं अवघड जातं. पण पानशेतचा परिसर आणि सातपुड्यातलं तोरणमाळ ही दोन उदाहरणं सगळ्या राज्याला लावता येतील का? सहा वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात ओढा ओलांडून जायचं असेल, तर अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. आणि 'सहा मुलांमागे एक शिक्षक' हा आकडा जर शाळा बंद करण्याचं समर्थन म्हणून वापरला जाणार असेल, तर तो किती पोकळ आहे हे सांगणं आमचं काम आहे.

म्हणून मी माझं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय. मुलांमागे शिक्षक किती, याऐवजी एका शिक्षकाकडे एका वेळी किती इयत्ता आणि पावसात वापरता येणाऱ्या खोल्या किती, हे दोन आकडे एकाच ओळीत मांडते आहे. तुमच्या गावात जिल्हा परिषदेची लहान शाळा असेल, तर येत्या पावसाळ्यात जाऊन हे दोन आकडे तुम्हीही बघा. फार वेळ लागत नाही.