तटबंदीआडची यात्रा

प्रवासवर्णनाची थोरवी लेखकाने किती मुलूख पायाखाली घातला यावरून ठरवावी, असा समज आपल्याकडे रूढ आहे. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात लिहिले गेलेले दोन ग्रंथ वाचले म्हणजे हा समज टिकत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना या किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत पंडित जवाहरलाल नेहरू होते आणि पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझादही होते.

नेहरूंची भ्रमंतीची ओढ जुनी होती. कैलास व मानससरोवर पाहण्याचे आपले स्वप्न त्यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. पर्वत चढण्याऐवजी वाट्याला तुरुंग आला, तरी मनातल्या मनात बेत आखण्याचा आनंद बंदिवानाकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही, असा त्यांचा सूर आहे. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत किल्ल्यात त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. त्याच्या प्रारंभी ते बागेसाठी अंगणातली जमीन खणतात. कुदळीखाली जुन्या भिंतींचे अवशेष लागतात, चांदबीबीची आठवण जागी होते, आणि तेथून त्यांची लेखणी थेट सिंधू संस्कृतीपर्यंत जाते. मधल्या काही प्रकरणांत मात्र राजवटींची व घटनांची इतकी दाटी होते की, हातात कुदळ घेतलेला तो माणूस दिसेनासा होतो. प्रवासाची जागा तेथे पाठ्यपुस्तक घेते.

आझादांची वाट निराळी. नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्याला उद्देशून त्यांनी उर्दूत पत्रे लिहिली. तुरुंगातून ती धाडता येत नव्हती. १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती ग्रंथरूप झाली. त्यांत पहाटेचा चहा आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या आहेत. संगीताविषयी लिहिताना चांदण्या रात्री ताजमहालाजवळ सतार वाजविल्याची आठवण येते, आणि वाचक आग्र्याला पोहोचतो. परंतु ही कल्पना भिंत नाकारीत नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्याला वारल्या. त्यांच्या आजारपणातही सरकारकडे सवलतीची याचना न केलेल्या या पतीने त्या दुःखाविषयी जे पत्र लिहिले, त्यात पळवाट कोठेच नाही.

व्याप्तीने नेहरूंचा ग्रंथ मोठा आहे. सोबतीला मला आझादांची पत्रे अधिक जवळची वाटतात. आपल्या घराघरांतून वार्धक्याने वा आजाराने उंबऱ्याआड अडकलेली माणसे असतात. त्यांच्या उशाशी कोणते पुस्तक ठेवावे, हा प्रश्न समीक्षेने क्षुल्लक मानू नये. दूरच्या देशांची रंगीत चित्रे पाहून घटकाभर मन रमते. पुस्तक मिटले की खोली पूर्वीपेक्षा अधिकच कोंदट वाटू लागते. चांगला ग्रंथ वाचकाला दूर नेतो आणि परत आणतो तेव्हा त्याच खोलीतली चिमणी, चहाची पेली, अंगणातली माती त्याला नव्याने दिसते. घरबसल्या केलेल्या यात्रेची खरी कसोटी हीच होय. किल्ल्यातील हे दोन्ही ग्रंथ त्यांच्या उत्तम पानांत या कसोटीस उतरतात. म्हणून ते पुन्हा वाचावेत.