‘गांवगाडा’ : जागा आणि माणसें

मराठींत समाजशास्त्राचे ग्रंथ थोडे, आणि जे आहेत त्यांतील बरेचसे परभाषेंतील व्याख्यांचें ओझें वाहून दमलेले. अशा स्थितींत कै. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ या ग्रंथाकडे अभ्यासकांस पुनःपुन्हा वळावें लागतें, यांत नवल नाहीं. हा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास शतक उलटून गेलें. ज्या गांवाचें त्यांत वर्णन आहे तो गांव त्या रूपांत आतां उरलेला नाहीं. तरी समाजरचना म्हणजे काय हें समजून घेण्यास याहून चांगलें मराठी पुस्तक आम्हांस दाखवितां येणार नाहीं. त्याची थोरवी सर्वमान्य आहे. तिची पुनरुक्ति न करितां, ग्रंथाच्या मध्यवर्ती विचारांत जो एक घोंटाळा आम्हांस दिसतो त्याचाच परामर्श येथें घेण्याचें योजिलें आहे. हा घोंटाळा केवळ पुस्तकी असता तर तो आम्ही शताब्दीच्या मानानें क्षम्य मानला असता. परंतु ‘माणसें फार झालीं म्हणून दारिद्र्य आलें’ हें वाक्य आजही सभांतून आणि दिवाणखान्यांतून मोठ्या खात्रीनें उच्चारलें जातें, आणि त्या खात्रीचें मूळ याच घोंटाळ्यांत आहे.

प्रथम रचनेविषयीं. पाटील मरतो, पाटीलकी मरत नाहीं. सुतार, लोहार, चांभार, महार, कुंभार, न्हावी, परीट हीं बलुत्यांतील नांवें म्हणजे माणसें नव्हेत; त्या जागा होत. जागेस काम बांधलेलें, कामास हक्क बांधलेला, आणि हक्काची वसुली कुणब्याच्या खळ्यावर. माणसें येतात आणि जातात, त्यांच्यांतील संबंधांचा सांचा मात्र टिकून राहतो, या टिकणाऱ्या सांच्यासच समाजशास्त्रज्ञ समाजरचना म्हणतात. रॅडक्लिफ-ब्राउन या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञानें १९४० सालीं या विषयावर जें व्याख्यान दिलें तें पुढें विद्यापीठांतून प्रमाण मानलें गेलें. पण त्यापूर्वीं पंचवीस वर्षें आत्र्यांनीं हीच गोष्ट, व्याख्येच्या फंदांत न पडतां, सुगीच्या दाण्यांचा हिशेब मांडून दाखविली होती. कोणास काय पोंचतें, कोणत्या निमित्तानें पोंचतें, आणि न पोंचल्यास कोणती अडवणूक होते, हें त्यांनीं सरकारी नोकरींत गांवोगांव फिरतांना पाहिलें होतें. त्यांचा प्रत्येक शब्द मातीचा आहे. या बाबतींत त्यांच्या जवळपास येणारें दुसरें पुस्तक म्हणजे ना. गो. चापेकरांचें ‘आमचा गांव बदलापूर’. पण चापेकर एका गांवाचे चरित्रकार, आत्रे सबंध पद्धतीचे.

आतां लोकसंख्येविषयीं. कोणत्याही वस्तींतील माणसांची संख्या तीनच कारणांनीं बदलते : जन्म, मृत्यु आणि स्थलांतर. रचना ही जागांची असते व संख्या माणसांची, आणि या दोहोंचा मेळ बसविणें हें प्रत्येक समाजास भाग पडतें. बापाच्या एका जागेस तीन मुलगे वारस उरले, तर तीन मार्ग संभवतात. जागेच्या तक्षिमा करावयाच्या. कोणीं तरी गांव सोडावयाचा. किंवा नवी जागा निर्माण करावयाची. आत्र्यांच्या गांवांत पहिला मार्ग अतोनात चालला होता. वतनाच्या वांटण्या होत, सेवा पाळीनें केली जाई, म्हणजे पुष्कळदां मनापासून कोणीच करीत नसे, आणि हक्क मागावयास मात्र सर्व भाऊबंद खळ्यावर हजर. हें वर्णन यथार्थ आहे. त्यावरून आत्रे जो निष्कर्ष काढितात तो असा, कीं गाड्यावर बसणारे वाढले आणि ओढणारा कुणबी एकटा पडला. येथें मात्र आमचा त्यांच्याशीं मतभेद आहे.

योगायोग असा, कीं ज्या सुमारास ‘गांवगाडा’ छापला जात होता त्याच सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन हे शहराजवळच्या पिंपळें सौदागर या गांवाची पाहणी करीत होते. ती १९१७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळून आलें, कीं १७७१ सालीं खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. म्हणजे तक्षिमांचा रोग केवळ बलुतेदारांस जडलेला नसून, ज्या कुणब्याची आत्रे कींव करितात त्याच्याही घरांत तो शिरलेला होता. मग गाड्यावर बसणारे कोण आणि ओढणारे कोण ?

शिवाय निव्वळ संख्येचा दाखलाही आत्र्यांच्या बाजूस पुरता येत नाहीं. १८९६ पासून प्लेग, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ यांमुळें १८९१ ते १९०१ या दशकांत मुंबई इलाख्याची लोकसंख्या घटली होती. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर तीनच वर्षांनीं इन्फ्लुएंझाची सांथ आली आणि १९२१ च्या खानेसुमारींत ती पुन्हा घटलेली दिसली. एकोणिसाव्या शतकांत माणसें वाढलीं हें खरें. परंतु ज्या वर्षांत आत्र्यांनीं गर्दी पाहिली तीं वर्षें सरसकट वाढीचीं नव्हतीं. गर्दी होती ती जागा नाहींशा झाल्याची.

याचें उत्तम उदाहरण त्यांच्याच ग्रंथांत आहे. फिरस्त्या जातींवर त्यांनीं जितक्या बारकाईनें लिहिलें आहे तितक्या बारकाईनें तत्पूर्वीं मराठींत क्वचितच कोणीं लिहिलें असेल. आणि तेथेंच त्यांची लेखणी सर्वांत कठोर झाली आहे. दाराशीं आलेला लमाण त्यांस कुणब्याच्या कणगीस लागलेलें एक तोंड दिसतो. परंतु लमाणांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ देशभर वाहून नेत होते. ती त्यांची समाजांतील जागा होती. १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली, सडका झाल्या, आणि ती जागा गेली. माणूस तोच राहिला. कालचा वाहतुकदार आज उपरा ठरला. १८७१ च्या कायद्यानें अशा कित्येक जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविलें, तो कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडलें. आत्र्यांनीं १९११ सालीं ‘गुन्हेगार जाती’ हें पुस्तक लिहिलें होतें; त्या पुस्तकाची छाया ‘गांवगाड्या’वर पडली आहे, आणि ती ग्रंथास शोभत नाहीं.

महारांच्या प्रकरणीं तर दोन दृष्टींतील अंतर स्पष्टच होतें. आत्रे खळ्यावर उभे राहून महाराचा हक्क मोजतात. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे मंडळांत १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल मांडलें, तें जागेच्या आंतून पाहून : अष्टौप्रहर राबणूक, मोबदला तुटपुंजा आणि सुटका नाहीं. खळ्यावरून पाहणारास जें ओझें दिसलें, आंतल्या माणसास तीच बेडी होती. तीं वतनें रद्द करणारा कायदा पुढें १९५८ सालीं झाला. समाजरचनेचें वर्णन निःपक्षपाती व्हावयाचें तर दोन्ही ठिकाणीं उभें राहून पाहावें लागतें. आत्रे एकाच ठिकाणीं उभे आहेत, हा त्यांचा खरा दोष. तो प्रामाणिक माणसाचा दोष आहे, म्हणूनच तो अधिक पसरला.

दुसरा मार्ग, म्हणजे गांव सोडण्याचा, कोंकणानें केव्हांच पत्करला होता. मुंबईच्या गिरण्यांस रत्नागिरी जिल्ह्यानें पिढ्यान्‌पिढ्या माणसें पुरविलीं. २०११ च्या खानेसुमारींत त्या जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया आहेत आणि मुंबई शहरांत ८३२. जागा आणि माणसें यांची ताटातूट या दोन आंकड्यांत जशी दिसते तशी एखाद्या कादंबरींतही क्वचित् दिसेल.

आणि आतां तर मुलेंही थोडीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांत एका स्त्रीमागें अपत्यांचें प्रमाण १.७ आढळलें, म्हणजे पिढी आपली जागा भरून काढण्यास लागणाऱ्या प्रमाणाहून कमी. आत्र्यांचें अनुमान खरें असतें तर गांवचा गाडा एव्हांना हलका व्हावयास हवा होता. प्रत्यक्षांत खेड्यांतील तरुणांस काम नाहीं ही ओरड अधिकच मोठी झाली आहे. मॅन साहेबांचें पिंपळें सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. ‘गांवगाडा’ हातीं घेऊन कोणीं अभ्यासकानें तेथें जावें, आणि वाढलीं किती हें मोजण्यापूर्वीं कोणत्या जागा गेल्या व कोणत्या नव्या झाल्या याची यादी करावी. आत्र्यांनीं गांवच्या शब्दांचा जो सांठा ग्रंथांत करून ठेविला आहे, तो त्या यादीच्या कामीं पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल.