साच्यातलं झाड

एखाद्या कवितेला नावं ठेवायची तर मराठीत तीन शब्द हाताशी असतात: साचेबंद, ठोकळेबाज आणि छापील. तिन्ही शब्द कारागिरांच्या हत्यारांवरून आलेले आहेत, आणि तिन्ही शिव्या आहेत. आमच्या घरात साच्यातल्या मोदकाकडे अजूनही थोडं वरूनच बघतात. कळ्या बोटांनी पाडलेल्या हव्यात, मग मोदक एका बाजूला कलला तरी चालेल. मीही याच मताची. असं असूनही माझ्या लिहायच्या टेबलावर, पेन्सिलींच्या डब्याला टेकून, दोन वर्षं एक नाताळचं शुभेच्छापत्र उभं आहे आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट साच्यातून, ठोकळ्यावरून किंवा छापातून आलेली आहे. ते मला हलवावंसं वाटत नाही. का, ते बघायचं आहे.

माझी मावसबहीण अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते. तिच्या शेजारच्या बाई शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. एका सप्टेंबरात मी बहिणीकडे तीन आठवडे होते, तेव्हा बाईंनी मला त्यांच्या तळघरातल्या टेबलाशी बसवून घेतलं होतं. बाहेर अजून पानं हिरवी होती आणि आत नाताळची कार्डं सुरू झाली होती. चाळीसेक करायची, तीही नोकरीसारखी रोज नाही, जमेल तशी. म्हणजे सप्टेंबरातच बसायला हवं. त्यानंतर दर डिसेंबरात एक कार्ड पुण्याला येतं.

आता हे दोन वर्षांपूर्वीचं. सव्वाचार इंच रुंद, साडेपाच इंच उंच. हे माप काही सौंदर्यदृष्टीतून आलेलं नाही. अमेरिकन कागदाचा साडेआठ बाय अकराचा ताव अर्धा कापून दुमडला की हेच माप उरतं. एका तावात दोन कार्डं, कातरण शून्य. शिवाय तिथल्या टपालखात्याची यंत्रं आडव्या लांबट पाकिटांवर पोसलेली. पाकीट चौरस असेल किंवा आत काही उंचवटा असेल तर जादा आकार पडतो. म्हणजे कल्पनाशक्तीला पहिली चौकट टपालानं घालून दिली.

दर्शनी बाजूला पांढऱ्या जाड कागदावर गडद निळा तुकडा, चारी बाजूंनी पांढरी किनार सोडून. निळ्यात सूचिपर्णी वृक्षांचे तीन आकार, डावीकडून मोठा, मधला, लहान. वर पांढऱ्या उठावदार अक्षरांत इंग्रजीतले दोन शब्द, 'वॉर्म विशेस'. वरवर पाहणाऱ्याला निळ्या कागदावर तीन फिकट झाडं चिकटवली आहेत असं वाटतं. बोट फिरवलं की कळतं, झाडं वर नाहीत, खाली आहेत. निळा कागद झाडांच्या आकारात कापून काढला आहे आणि दिसतंय ते मागचं. रात्र आहे, आणि रात्रीला तीन भोकं आहेत.

मागचं काय, हे समजायला मला भिंग लागलं. मोठ्या झाडात निळसर लाटांच्या रेघा आहेत, मधल्यात आडव्याउभ्या रेषांची जाळी, लहानात नुसते बारीक ठिपके. ही नक्षी मी रोज बघते. बँकेची आणि विजेच्या बिलाची पाकिटं आतून अशीच छापलेली असतात, आतला मजकूर कुणी उजेडाला धरून वाचू नये म्हणून. बाईंनी तीन वेगवेगळी पाकिटं फाडून उलटी केली आणि झाडांच्या मागे लावली. लपवाछपवीसाठी छापलेल्या त्या रेघा इथे बर्फानं वाकलेल्या फांद्या झाल्या आहेत. तीन झाडं एका जातीची, पण प्रत्येकावर बर्फ निराळा. विकतच्या नक्षीदार कागदांच्या गठ्ठ्यांनी त्यांचं कपाट भरलेलं मी पाहिलं आहे. ते सोडून त्या कचऱ्याच्या टोपलीकडे वळल्या, ही माझ्या मते या कार्डातली सर्वांत मोठी निवड.

झाडाचा आकार मात्र त्यांचा नाही. तो डायचा. पातळ पोलादी पत्र्याची ती चौकट असते, एका बाजूची कड उठलेली आणि धारदार. करंज्या-शंकरपाळ्यांच्या दिवसांत बिस्किटांचे तारे-चंद्र कापायचा साचा घरात असतो, त्याचीच ही कागदी बहीण. कागदावर डाय, धार खाली करून. वर-खाली प्लास्टिकच्या जाड पट्ट्या. आणि हे सगळं सँडविच दोन रुळांमधून हँडल फिरवून काढायचं. रुळांखाली जाताना पट्ट्या कडकड वाजतात. पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी मोडलं. बाई म्हणाल्या, आवाज आला नाही तर काळजी करायची. जुन्या पट्ट्यांवर आधीच्या कापांचे ओरखडे साचत जातात, तारे, पानं, घंटा, एकावर एक. वर्षानुवर्षांची कार्डं त्या पट्टीवर वाचता येतात. बारीक भोकांत अडकलेले कागदाचे कण सुईनं टोकून काढायचे, हे काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं.

पुण्याच्या पेठांमधल्या छापखान्यांत हेच काम 'डाय पंचिंग' नावानं मोठ्या प्रमाणावर चालतं. प्लायवूडमध्ये खाचा पाडून त्यात धारदार पोलादी पट्ट्या वाकवून बसवतात, कापलेला कागद अडकू नये म्हणून शेजारी रबराचे तुकडे चिकटवतात, आणि एके काळी खिळे जुळवून छपाई करणाऱ्या जुन्या ट्रेडल यंत्रावर लग्नपत्रिकांच्या खिडक्या आणि गणपतीचे आकार पाडतात. शाई सुटली, यंत्र राहिलं, आता ते नुसतं कापतं. तत्त्व तेच, फक्त तिथे एका आकाराच्या हजार प्रती निघतात. बाईंच्या हँडलच्या एका फेरीत एकच कार्ड.

आता अक्षरं. तीही तयार ठशाचीच. ठसा पारदर्शक, लवचिक, अॅक्रिलिकच्या ठोकळ्याला आपसूक चिकटणारा. अक्षराचं वळण कुण्या तिसऱ्याच चित्रकाराचं, शब्द तर साऱ्या जगाचे. गडद कागदावर साधी शाई दिसत नाही, ती कागद पिऊन टाकतो. म्हणून चिकट, उशिरा वाळणाऱ्या शाईचा ठसा मारायचा, त्यावर पांढरी भुकटी ओतायची, उरलेली टिचकी मारून डबीत परत घ्यायची आणि गरम हवेच्या बंदुकीनं तापवायचं. काही क्षण काहीच होत नाही. मग एका टोकाकडून भुकटी वितळते आणि अक्षरांवर ओली चमक धावत जाते. रांगोळीचा छाप उचलतानाचा क्षण ज्यांना आवडतो त्यांनी हे एकदा पाहावंच.

भुकटी भलतीकडे चिकटू नये म्हणून आधी कागदावर पावडरची पुरचुंडी फिरवतात. या कार्डावर ती एका कोपऱ्यात फिरायची राहिली असावी, कारण 'विशेस'च्या उजवीकडे दोन पांढरे कण वितळून बसले आहेत. दुसऱ्या कुठल्याही चित्रात ते डाग ठरले असते. निळ्या रात्रीत, झाडांच्या वर, ते बर्फ आहेत. बाईंनी ते पाहून ठेवले की नजरेतून सुटले, हे मला विचारायचं नाही. मात्र मोठ्या झाडाच्या शेंड्यावर एक काचेची चमकी चिकटवली आहे, ती मला पहिल्या दिवसापासून खटकते. पाकिटाच्या कागदानं जे सांभाळलं होतं ते ती चमकी ओरडून सांगते. चाळिसांतल्या प्रत्येक कार्डावर ती असणार, चमक्यांचं पाकीट संपवायचं असणार, हे मी समजू शकते. पण आवडत नाही.

'वॉर्म विशेस' हे शब्दही मला आधी गुळगुळीत वाटले होते. उबदार शुभेच्छा! पुण्यात डिसेंबरात एक शाल पुरते. पण मिनेसोटात पारा उणे वीस अंशांपर्यंत उतरणं नवलाचं नाही. तिथे ऊब म्हणजे काव्य कमी आणि काळजी जास्त. बर्फाळ झाडांच्या वर ते शब्द ठेवले की त्यांच्यातलं नाणं पुन्हा वाजतं.

छापील आणि हाताचं, ही भानगड या कार्डांच्या जन्मापासूनची. नाताळचं पहिलं व्यापारी कार्ड लंडनमध्ये हेन्री कोलनं 1843 साली काढलं. तीन वर्षं आधी एका पेनीत देशभर पत्र नेणारं पेनी पोस्ट सुरू झालं होतं, त्या सुधारणेत स्वतः कोलचा हात होता. आणि आता पत्रं इतकी येत की उत्तरं लिहायला त्याला सवड होईना. त्यानं जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र करून घेतलं. मध्ये पेले उंचावणारं कुटुंब, दोन्ही बाजूंना भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देणारी माणसं. चित्रातल्या लहान मुलाच्या तोंडाला वाइनचा पेला लावलेला बघून दारूबंदीवाले खवळले, ते वेगळं. मला त्यात गंमत वाटते ती अशी की कार्ड शिळाछापावर छापलेलं होतं, पण रंग हातानं भरलेले होते, आणि कुणाला व कुणाकडून यासाठी जागा कोरी सोडलेली होती. किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. तेवढ्यात देशभर बारा पत्रं गेली असती. वेळ वाचवायला काढलेल्या वस्तूतही कुणीतरी ब्रश घेऊन बसलंच होतं.

पुढे व्हिक्टोरियन काळात रंगीत छापलेले, साच्यानं कापलेले उठावाचे देवदूत आणि गुलाब कागदी पट्ट्यांनी जोडलेल्या तावांत विकत मिळत. लोक ते सुटे करून वह्यांत आणि कार्डांवर आपल्या मर्जीनं डकवत. आपल्याकडेही हे घडलं. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि नंतर मळवलीला गेला. तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना बायकांनी जर, टिकल्या, कापडाचे तुकडे लावून साड्या नेसवल्या. हजारो घरांत एकच छापील देवी होती, साडी ज्या त्या घरची.

त्याहून जवळचं उदाहरण जात्याचं आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर आहेत. त्यांतल्या कितीतरी ओव्यांची सुरुवात सारखी. पहिला चरण गावभर फिरणारा, आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून आलेला. बाई तो उचलते आणि पुढे स्वतःचा भाऊ, स्वतःची वाट, स्वतःचं दुखणं बसवते. त्या पहिल्या चरणाला कुणी साचेबंद म्हणत नाही. तो जात्याच्या खुंट्यासारखा आहे, धरायला. तळघरातल्या टेबलाशी बसून डाय आणि ठसे लावणाऱ्या बाईंना मी त्या रांगेत बसवते, आणि ठसे करणाऱ्या कंपन्यांनाही हा फरक कळतो असं दिसतं. त्यांच्यातल्या अनेकांचा एक रिवाज आहे, त्याला 'एंजल पॉलिसी' म्हणतात: त्यांचा ठसा हातानं मारून केलेलं कार्ड तुम्ही खुशाल विका, पण तेच कार्ड स्कॅन करून छापू नका. चित्र त्यांचंच, तरी हाताचा दाब तुमचा धरतात.

आता कार्ड उघडायचं. आत पांढरं, जवळजवळ रिकामं. बाईंचं बॉलपेनचं बारीक अक्षर, चार ओळी: पहिला बर्फ पडला, पक्ष्यांचं दाण्याचं भांडं खारींनी पुन्हा पाडलं, आणि तुझ्या दारच्या पेरूला यंदा फळ धरलं का. पेरूचं मी त्यांना कधीतरी कागदाचे कण टोकताना सांगितलं होतं. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, सहीच्या शेजारी, एक लहानसं निळं झाड चिकटवलेलं आहे.

हे बाहेरचं तिसरं झाड. दर्शनी बाजूला जिथे भोक आहे तिथला हा तुकडा. कार्ड हातात घेणारा आधी पोकळी बघतो, मग उघडतो आणि पोकळीत जे होतं ते त्याला सापडतं. इतक्या लहान वस्तूत हे इतकं नेमकं साधलेलं आहे की मी पहिल्यांदा कार्ड तीन-चार वेळा नुसतं उघडलं आणि मिटलं. फोमच्या तुकड्यावर बसवल्यामुळे झाड कागदापासून दोन मिलिमीटर वर आहे आणि दुपारी त्याची सावली पडते. तिन्ही झाडं आत लावली असती तर ते कोडं सोडवून दाखवल्यासारखं झालं असतं. एकच लावलं, तेही सर्वांत लहान.

मी मात्र सूक्ष्म शंका काढणारी. ट्रेसिंग पेपरवर आतल्या झाडाची कड उतरवून बाहेरच्या भोकावर ठेवली. केसभरही फरक नाही. मग लक्षात आलं, यावरून काहीच सिद्ध होत नाही. चाळीस कार्डं, एकच डाय. त्या चाळिसांतलं कुठलंही लहान झाड माझ्या भोकात इतकंच चपखल बसलं असतं. माझ्या कार्डातलं झाड ओहायोतल्या कुणाच्या रात्रीतून निघालेलं असेल, आणि माझं तिकडे. हातानं कातरीनं कापलेली झाडं असती तर ही अदलाबदल शक्य नव्हती. ती साच्यातली होती म्हणून शक्य झाली.

गेल्या डिसेंबरात पुढचं कार्ड आलं. या वेळी बाहेर हिरवा कागद, मध्ये दिव्याचा आकार कापलेला, मागे जुन्या नकाशाचा तुकडा. चमकी नव्हती. उघडलं, तर कोपऱ्यात दिवा नव्हता. निळं झाड होतं, मधल्या मापाचं, एका फांदीचं टोक वर्षभर डबीत पडून जरा दुमडलेलं. बाईंनी त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. खारींचं लिहिलं आहे. मी उत्तरात पेरूचं कळवलं, आणि मोठं झाड कुणाकडे गेलं ते विचारलं आहे.