शाळेचे दार आणि वर्गाची खिडकी

पुस्तकाचे परीक्षण करण्याची आपल्याकडे रीत आहे. परिपत्रकाचे परीक्षण मात्र कोणी करीत नाही. परिपत्रक येते, मुख्याध्यापक ते वाचून दाखवतात, आपण खाली सही करतो आणि ते फाईलला लागते. पण २०२० ते २०२२ या काळात शाळा पुन्हा उघडण्याविषयी ज्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यांना कोणत्याही पुस्तकाला हेवा वाटावा एवढा वाचकवर्ग लाभला. देशातल्या लाखो शिक्षकांनी त्या वाचल्या आणि कोट्यवधी घरांनी त्या पाळल्या. शिवाय त्या विज्ञानावर आधारलेल्या होत्या, निदान तसा त्यांचा दावा होता. तेव्हा थोडा उशीर झाला असला तरी या सूचनांकडे टीकाकाराच्या नजरेने पाहायला हरकत नसावी.

आमच्या मनात हा विचार आला तो मरोळमधल्या एका प्राथमिक शाळेच्या दारात. मार्च २०२० च्या मध्यात बंद झालेले पहिली ते सातवीचे वर्ग मुंबईत उघडले ते बुधवार, १५ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे तब्बल एकवीस महिन्यांनी. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने आपल्या वर्गात पहिले पाऊल टाकले ते दुसरीचे अर्धे वर्ष सरल्यावर. त्या सकाळी दाराशी रांगोळी होती, फुगे होते आणि मुलांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. एक शिपाई प्रत्येकाच्या कपाळासमोर थर्मल गन धरीत होता, दुसरा हातावर सॅनिटायझर ओतीत होता. पालक दोरीच्या पलीकडे उभे. एका मुलीच्या आजीने विचारले, "बाई, वर्गात मुलांना कसं बसवलंय ते जरा बघू का?" बाईंनी हात जोडले. "आजी, पालकांना आत सोडायचं नाही असं वरून आलंय."

आम्ही पाहुणे, म्हणून आम्हांला आत जाता आले. बाकांवर खडूने फुल्या मारल्या होत्या आणि फरशीला हायपोक्लोराइटचा उग्र वास येत होता. वर्गाला तीन खिडक्या. एक उघडी, दुसरी रस्त्याच्या गोंगाटामुळे आणि डासांमुळे बंद, आणि तिसरीसमोर लोखंडी कपाट. हवा कोंदट होती. हे आम्ही त्या शाळेला दोष देण्यासाठी लिहीत नाही. सूचनांमधले जे पाळता येण्याजोगे होते ते तिने मनापासून पाळले होते. प्रश्न आहे तो सूचना कशा लिहिल्या गेल्या याचा.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ८ सप्टेंबर २०२० रोजी काढलेली कार्यपद्धती पाहा. ती नववी ते बारावीसाठी होती, पण पुढच्या बऱ्याच सूचनांचा साचा तोच राहिला. तीत दोन व्यक्तींमधले अंतर ६ फूट. साबणाने हात धुवायचे ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझर चोळायचा २० सेकंद. जंतुनाशक सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण १ टक्क्याचे. वातानुकूलन यंत्राचे तापमान २४ ते ३० अंश आणि आर्द्रता ४० ते ७० टक्के. (आपल्या बहुतेक शाळांत पंखा चालला तरी पुष्कळ, पण ते असो.) आणि ताजी हवा? ती 'शक्य तितकी' घ्यावी आणि आरपार वायुवीजन 'पुरेसे' असावे.

म्हणजे प्रत्येक गोष्टीला आकडा आहे, फक्त हवेला नाही. ज्याला आकडा असतो ते मोजले जाते, तपासले जाते, त्याची नोंद ठेवली जाते. ज्याला 'पुरेसे' म्हटले ते तपासनिसाच्या तक्त्यात बसत नाही. शाळांनी सॅनिटायझरचे डबे मोजले आणि खिडक्या मोजल्या नाहीत, यात नवल ते काय?

सप्टेंबर २०२० मध्ये या विषाणूविषयीचे ज्ञान अपुरे होते हे आम्ही मान्य करतो. जुलै २०२० मध्येच २३९ शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष वेधणारे जाहीर पत्र लिहिले होते, तरी वाद चालू होता. पण मुंबईतले प्राथमिक वर्ग उघडेपर्यंत आणखी सव्वा वर्ष गेले. ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले, की विषाणू लागलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने कोंदट, गर्दीच्या जागी हवेतून प्रसार होतो हे स्पष्ट शब्दांत लिहिले. आणि २० मे २०२१ रोजी आपल्याच केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने एक सोपी, सचित्र पुस्तिका काढली. बोलताना, खोकताना उडणारे मोठे तुषार दोन मीटरच्या आत खाली बसतात. सूक्ष्म कण मात्र दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणून दारे-खिडक्या उघडा आणि पंखे असे ठेवा की आतली हवा बाहेर जाईल. आमच्या मते त्या काळातले हे सर्वांत चांगले सरकारी विज्ञानलेखन. शाळेच्या दारापर्यंत ते पोचले नाही.

आता थोडे गणित करू. सातवी-आठवीची मुलेही ते करू शकतील. २० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच वर्ग घ्या. घनफळ ४,००० घनफूट, म्हणजे सुमारे १,१३,००० लिटर. शांत बसलेले प्राथमिक शाळेतले मूल तासाला ढोबळमानाने १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते, शिक्षक २० लिटर. वीस मुले आणि एक शिक्षक मिळून तासाला २६० लिटर. सगळे बंद असेल तर तासाभरात या वायूचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २,३०० भागांनी वाढेल. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असते. उच्छ्वासात हा वायू साधारण ४ टक्के, म्हणजे दहा लाखांत ४०,००० भाग असतो. यावरून हिशेब करा: तासाच्या शेवटी त्या वर्गात घेतलेल्या दर सतरा श्वासांमागे जवळजवळ एक श्वास वर्गातल्याच कोणीतरी सोडलेल्या हवेचा! सहा फुटांचे अंतर यात काहीही करू शकत नाही. उलट वर्गातली सगळी हवा तासाला पाच वेळा बदलेल एवढे वारे आले, तर ही वाढ ४६० भागांवर थांबते. ती शून्य होत नाही, पण पाचपट कमी होते. खिडकीसमोरचे कपाट किती महाग पडते ते येथे दिसते.

ही गोष्ट विज्ञानाला नवी होती असेही नाही. अमेरिकेत विल्यम वेल्स आणि मिल्ड्रेड वेल्स यांनी १९३७ पासून फिलाडेल्फिया परिसरातल्या शाळांत वर्गाच्या वरच्या भागात अतिनील दिवे लावले. १९४१ मध्ये गोवराची साथ आली तेव्हा दिवे असलेल्या वर्गांत तो कमी पसरला. हवेतले सूक्ष्म कण रोग वाहून नेतात हे त्यांनी शाळेतच दाखवले होते. त्याहीआधी, १९०४ मध्ये, बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी झाडांखाली शाळा भरू लागली होती. शंभर वर्षांच्या या अनुभवातून आपल्या सूचनांत उतरला तो 'पुरेसे' हा एक शब्द.

थर्मल गनविषयी वेगळे लिहायला हवे, कारण तीच या स्वागताची खूण बनली. हे उपकरण त्वचेतून निघणारे अवरक्त किरण मोजते आणि त्यावरून तापमान दाखवते. शरीराच्या आतले तापमान ते थेट मोजत नाही. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. एका मुलाचे कपाळ सावलीत मोजा, मग दहा मिनिटे उन्हात उभे करून मोजा, मग ओल्या रुमालाने पुसून लगेच मोजा. मूल तेच आणि आकडे तीन! शिवाय करोनाचा संसर्ग झालेल्या पुष्कळ मुलांना तापच येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांच्याकडून तो येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून प्रसार होऊ शकतो. दारातल्या त्या आकड्याने पालकांना दिलासा मिळाला, हे खरे. पण तो दिलासा कशावर उभा होता?

सगळ्यांत मोठी चूक आम्हांला वाटते ती क्रमाची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चौथ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २० जुलै २०२१ रोजी जाहीर झाले. सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती. मुंबई महापालिकेच्या पाहणीत त्याच वर्षी अठरा वर्षांखालच्या ५१.१८ टक्के मुलांत ती सापडली होती. शाळा बंद, मुले घरात, तरीही निम्म्यांहून अधिक मुलांना विषाणू भेटून गेला होता. हे आकडे जाहीर करतानाच परिषदेच्या महासंचालकांनी शाळा उघडायच्या झाल्या तर प्राथमिक शाळा आधी उघडणे शहाणपणाचे ठरेल असे सांगितले. लहान मुले हा संसर्ग मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी नेमकी लहान मुले आधी शाळेत आणली होती. मुंबईत काय झाले? आठवी ते बारावी ४ ऑक्टोबर २०२१ ला आणि प्राथमिक त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी. ज्याला मोबाईलवर शिकता येणे सर्वांत अवघड, ते मूल सर्वांत शेवटी. तेही जेमतेम वीस दिवस, कारण ओमायक्रॉनच्या लाटेमुळे ४ जानेवारी २०२२ पासून वर्ग पुन्हा बंद झाले ते २४ जानेवारीला उघडले. ग्रामीण भारतातल्या 'असर' पाहणीत दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. मुंबईचे आकडे वेगळे असतील, दिशा वेगळी असेल असे वाटत नाही.

पालकांची भीती या क्रमामागे होती, असे उत्तर मिळते. ते खोटे नाही. मरोळमध्ये तर ती भीती समोर उभी होती: महापालिकेने करोनाच्या रुग्णांसाठी चालवलेले सेव्हन हिल्स रुग्णालय येथलेच, आणि रात्री-अपरात्रीच्या रुग्णवाहिका मुलांनी अंथरुणात ऐकल्या होत्या. साथ या वस्तीला नवीनही नाही. शेजारी, आजच्या सीप्झच्या आवारात, १५७९ साली बांधलेल्या चर्चचे अवशेष आहेत. १८४० मध्ये तेथल्या गावात साथ आली, लोकांनी गाव आणि चर्च दोन्ही सोडले आणि धर्मपीठ मरोळला आले. रोग कशाने होतो हे ठाऊक नव्हते, तेव्हा जागा सोडणे हा एकच उपाय हाती होता. आपल्याला कारण ठाऊक होते. ते पालकांना सांगितले का?

सांगितले नाही, त्यांच्याकडून संमतिपत्र घेतले. एका कागदावर सही, की पाल्याला आम्ही आमच्या इच्छेने पाठवीत आहोत. ज्या वस्तीत घराघरांत मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू अशा भाषा बोलल्या जातात, तेथे हा कागद कार्यालयीन भाषेत गेला. संमती म्हणजे समजून दिलेला होकार, असे आपणच नागरिकशास्त्रात शिकवतो. त्या आजींना वर्ग दाखवून "खिडकी उघडी आहे, वारा इकडून येतो आणि तिकडून जातो" एवढे सांगितले असते, तर ती खरी संमती झाली असती. सगळ्या पालकांना एकदम आत घेणे शक्य नव्हते हे उघड आहे. पण आदल्या शनिवारी पाच-पाच जणांना बोलावता आले असते.

दारात आणखी एक प्रश्न विचारायचा राहिला: लसीकरणाचे कार्ड कुठे आहे? टाळेबंदीच्या काळात अनेक बाळांच्या नेहमीच्या लशी चुकल्या. पाच-सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लशीची वर्धक मात्रा असते. ती घ्यायच्या वयातली मुले नेमकी त्या रांगेत होती, आणि गोवराची लस घ्यायच्या वयातली त्यांची भावंडे आयांच्या कडेवर. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. सगळा दोष टाळेबंदीवर टाकता येणार नाही. लशीविषयीची उदासीनता जुनी आहे. पण आई मुलाला घेऊन स्वतःहून दाराशी आली होती. कपाळ मोजायला जो वेळ लागला, तेवढ्यात कार्ड पाहता आले असते.

खिडक्या उघडा म्हणणे सोपे आहे, हेही लिहायला हवे. विमानतळ जवळ, अंधेरी-कुर्ला रस्त्याची रहदारी, तेव्हा चाललेले मेट्रोचे खोदकाम: खिडकी उघडली की धूळ येते आणि बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. या अडचणीला सूचनांमध्ये एक ओळही नव्हती. आमच्या मते तास संपताना दहा मिनिटे सगळे उघडून वर्ग व्हरांड्यात नेणे, गोंगाटाच्या बाजूच्या खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवणे, कवायत आणि पाठांतर मैदानात घेणे, एवढे तरी जमले असते. क्षयरोगाचे जंतूही हवेतूनच पसरतात, तेव्हा मुंबईत हा खर्च करोनापुरता ठरला नसता.

२४ जानेवारीला वर्ग पुन्हा उघडले तेव्हा आम्ही त्याच शाळेत परत गेलो. दुसरीच्या बाईंनी या वेळी चार पालकांना वर्गात बोलावले होते. त्यांनी एक उदबत्ती पेटवली आणि मुलांच्या उंचीला धरून बाकांमधून हळूहळू फिरल्या. उघड्या खिडकीपाशी धूर झपाट्याने वळत होता. शेवटच्या दोन बाकांवर मात्र तो सरळ वर जाऊन तिथेच रेंगाळला. एका मुलीचे वडील म्हणाले, "बाई, हे कपाट आडवं येतंय." ते, आणखी एक पालक आणि शिपाई, तिघांनी मिळून कपाट भिंतीकडे सरकवले. खिडकीची कडी गंजली होती. ती उघडायला खोबरेल तेल लागले.